टाकीवालीची होडी

मोटारसायकलवर निळा ड्रम बांधता येत नाही असं नाही. सातपूरच्या रस्त्यांवर लोक मोटारसायकलवर कपाट नेतात, शेळी नेतात, वेळ आली तर अख्खं कुटुंब नेतात. पण दोन मोठे ड्रम, तेही आडवे, तेही सुतळीने... समोरच्या भंगाराच्या दुकानाबाहेर चाललेली ही कसरत बघून सृष्टी दोंदेने जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि ती शेडच्या दारात आली.

बांधणारा तरुण होता. एप्रिलच्या उन्हात त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. सुतळीचं एक टोक त्याने दातात धरलं होतं आणि चेहऱ्यावर मात्र आपण मोठं शिताफीचं काम करतोय असा भाव होता.

"अहो, त्या ड्रममध्ये काय होतं ते विचारलंत का?" तिने रस्त्यापलीकडून विचारलं.

त्याने सुतळी दातातून काढली. "रिकामे हायेत."

"आत्ता रिकामे आहेत. आधी काय होतं?"

"भंगारवाले म्हणले, पाणी."

"प्लेटिंगच्या कारखान्यातलं, आम्लाचं पाणी. त्याने हाताला फोड येतात."

"मग धुवून घेतो की."

"धुऊन जात नाही ते. प्लास्टिकमध्ये मुरतं. धान्य भरायचंय का त्यात?"

"नाय..." तो घुटमळला. "पोरं बसवायचीत."

सृष्टी त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस वेडा आहे की फार साधा, हे तिला ठरवता येईना. खरं सांगायचं तर ते तिला पुढेही बरेच दिवस ठरवता आलं नाही, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

"आत या," ती म्हणाली. "आधी पाणी प्या. पिण्याचं आहे, ड्रममधलं नाही."

तो रवी केदारे. मूळचा नांदगावचा, आणि गेली काही वर्षं सुरगाण्याकडच्या डोंगरात एका दोन शिक्षकी शाळेवर. शाळा एका छोट्या धरणाच्या काठावर आणि तिच्या समोरचा पाडा पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात पोरं मधल्या चिखलातून चालत येत. जुलैत पाणी चढलं की पाडा तुटायचा. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून यायचं तर पोरांचा अर्धा दिवस चालण्यातच जाणार, म्हणून दहा-अकरा पोरं दिवाळीपर्यंत घरीच बसायची. दिवाळीनंतर परत यायची तेव्हा बाराखडीसुद्धा विसरलेली असायची आणि मोठ्या पोरी तर यायच्याच नाहीत.

"म्हणून म्हणलं, चार ड्रम बांधून तराफा करू," रवी म्हणाला.

"आणि उलटला तर?"

"उलटू नये म्हणून तर चार." पण हे बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. म्हणजे हा प्रश्न त्यालाही पडलेला होता, रात्री झोप न येण्याइतका.

सृष्टीचे वडील कारभारी दोंदे आतून हात पुसत आले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याकडे बघून रवीने "जय भीम, काका" म्हटलं, आणि कारभारींच्या कपाळावरची निम्मी आठी तिथेच सैल झाली. तीस वर्षं झाली, हा माणूस प्लास्टिकच्या टाक्या बनवत होता. बोटभर जाडीची एचडीपीईची शीट कापायची, गरम हवेच्या गनने जोडायची, आणि तयार टाकी अशा कारखान्यात पाठवायची जिथे लोखंडाला आम्ल दोन महिन्यांत खाऊन टाकतं. दोंद्यांच्या टाकीला आम्ल काही करत नाही असं वसाहतीत म्हटलं जायचं. डिप्लोमा संपवून सृष्टीने गन हातात घेतल्यापासून उरलेल्या तुकड्यांचंही सोनं व्हायला लागलं होतं. विहाराच्या खिडकीला तिने त्यातून पिंपळपानांची जाळी करून दिली होती, आईला पोळपाटाएवढी चॉपिंगची पाटी, आणि कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना बुद्धिबळाचा अख्खा संच, ज्यातला उंट सगळ्यांना घोडा वाटायचा.

"होडी?" कारभारी म्हणाले. "तीस वर्षांत एक नाही केली."

"होडी म्हणजे काय हो पप्पा," सृष्टी म्हणाली. "झाकण नसलेली टाकी."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे हेच नडलं.

कारभारींनी शीटचा एक तुकडा उचलला आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात टाकला. तुकडा तळाला जाऊन टुणकन वर आला. "हे मुळात पाण्यापेक्षा हलकं," ते रवीला म्हणाले. "होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जायची नाही. पोरांना धरायला काहीतरी राहील."

रवीने तो तुकडा हाताने दोनदा पाण्यात दाबला. तो दोन्ही वेळा वर आला. तिसऱ्यांदा दाबताना तो हसला, आणि सृष्टीच्या लक्षात आलं की याचा एक दात किंचित तिरका आहे.

ठरलं असं, की शीट गाव आणि शाळा मिळून घेईल, आणि जोडणी दोंदे करतील. कामाच्या दिवशी शेडमध्ये गिऱ्हाइकांच्या टाक्या असायच्या, म्हणून होडी रविवारची.

पुढच्या रविवारी रवी उजाडताच हजर. हँडलला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात पळसाच्या पानात गुंडाळलेली करवंदं.

"ही लाच का, गुरुजी?" सृष्टीने विचारलं.

"नाय. काम शिकायला आलोय. मोकळ्या हाती कसं यायचं?"

"शिकणार? तुम्ही?"

"शिकवून शिकवून कंटाळलोय मॅडम. जरा आमाला बी कुणी शिकवा."

तिने त्याला दोन तुकडे दिले आणि खरवडायला लावलं. वरचा पातळ थर खरवडून काढल्याशिवाय जोड धरत नाही. रवी मन लावून खरवडत राहिला, भाकरीचा करपलेला पापुद्रा काढावा तसा.

"एवढा उपद्व्याप कशापायी?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "सरळ चिकटवून टाकायचं की."

"याला जगातलं काहीही चिकटत नाही. गम नाही, रंग नाही, काही नाही. रंग दिला तर आठ दिवसांत सालपटं निघतात. जोडायचा रॉडसुद्धा याच प्लास्टिकचा लागतो."

"लयच मानी हाय म्हणायचं."

"आहेच."

"सातपूरचं पाणीच तसं दिसतंय."

सृष्टीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गन सुरू केली. तिच्या हातातला रॉड मऊ होत होत शीटवर बसू लागला, सारख्या मापाची वेणी घालत जावी तसा. "हे बघा. रॉडही तापला पाहिजे आणि खालची शीटही. एकच बाजू तापली तर जोड दिसायला झकास दिसतो, पण धरलेला नसतो. त्याला आम्ही थंड जोड म्हणतो."

"मग कळायचं कसं?"

"पक्कड लावून ओढायचं. जीव लावून. सुटला तर सुटला. शेडमध्ये सुटलेला परवडतो, पाण्यात नको."

रवीने पक्कड घेऊन जोड ओढला. सुटला नाही. पक्कड हातातच ठेवून, फार सहज काहीतरी विचारावं तसं त्याने विचारलं, "समजा... एकच बाजू तापलेली असली, तर तिनं काय करायचं असतं?"

हा प्रश्न प्लास्टिकबद्दल नव्हता, हे गन हातात असलेल्या माणसालाही कळत होतं. सृष्टीचे कान गरम झाले.

"थांबायचं," ती म्हणाली. "दुसरी तापेपर्यंत." आणि तिने गनचा जोर वाढवला.

दर रविवारी तो येत राहिला. कधी जांभळं आणली, कधी नागलीचे पापड. एकदा पोरांनी कागदावर काढलेले मासे आणले, होडीवर लावायला. रंग तर टिकणार नव्हता, म्हणून सृष्टीने पिवळ्या-केशरी तुकड्यांतून ते मासे हुबेहूब कापले आणि होडीच्या दोन्ही अंगांना जोडून टाकले. एका माशाला मिश्या होत्या.

"हा मासा आहे?"

"पाड्यावरच्या गोटीरामबाबांच्या नातवानं काढलाय. म्हणतो, मासा म्हातारा हाय."

आई लताबाई दुपारी जेवण घेऊन शेडवर यायची. तिसऱ्या रविवारी तिने रवीला आग्रहाने दुसरी पोळी वाढली, आणि तो गेल्यावर डबे आवरता आवरता म्हणाली, "शीट बघायला एवढ्या लांबून येतो होय गं?"

"काम शिकतोय तो, आई."

"असेल. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं मी बरीच बघितलीत. हा निदान करवंदं तरी आणतो."

मनातल्या मनात सृष्टीने कबूल केलं की सोमवार ते शनिवार ती आता टाक्या जोडत नव्हती, रविवारची वाट बघत होती. आणि होडी झाली की रविवार संपणार होते. कुठलंही काम लांबवायची तिला सवय नव्हती, पण या कामात ती दोन जोड पुन्हा पुन्हा तपासत बसली होती, हेही खरं.

तरी मे सरता सरता होडी झालीच. रुंद, काळी, चौकोनी तोंडाची, अंगावर केशरी मासे. सोबत बांबूच्या दांड्याला प्लास्टिकचं पातं जोडलेलं एक वल्हं. एकच, कारण कारभारींचा नियम होता: आधी नमुना पास होऊ द्या, मग दुसरा नग करू.

होडीची तपासणीही कारभारींनी त्यांच्या पद्धतीने केली. टाकीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायची, टाकी काठोकाठ भरायची, रात्रभर ठेवायची. सकाळी कागदावर एक थेंब दिसला तर टाकी नापास. होडी रात्रभर पाण्याने भरून उभी राहिली. सकाळी खालचा कागद कोरडा ठणठणीत. कारभारी खूश, सृष्टी खूश, रवी तर एवढा खूश की त्याने मिश्यावाल्या माशालाच थोपटलं. पाणी आत ठेवण्यात या भांड्याचा हात कुणी धरू शकणार नाही याची सगळ्यांना खात्री पटली. होडीचं काम याच्या नेमकं उलट असतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पिकअपमधून होडी डोंगरात पोचली तेव्हा सगळा पाडा काठावर जमला होता. उन्हाळ्याने पाणी आत ओढलं गेलं होतं, पण मधला डोह भरपूर होता. रवीने लाईफ जॅकेट घातलं, एकटा आत बसला आणि वल्हं मारलं.

होडी तरंगली. हलकी, डौलात. आणि डौलातच उजवीकडे वळली. रवीने वल्हं दुसऱ्या बाजूला मारलं, ती डावीकडे वळली. मग त्याने जोर लावला, आणि ती जात्यासारखी गोल फिरू लागली. मासे फिरले, मिश्या फिरल्या, आणि रवीचा गोंधळलेला चेहरा दर फेरीला काठावरच्या लोकांना एकदा दिसू लागला. पोरं पोट धरून हसली.

पाड्यावरचे म्हातारे गोटीरामबाबा डोळे बारीक करून म्हणाले, "ही होडी नाही. ही त फिरकी आहा."

"करायला गेलो गणपती..." मागून कुणीतरी म्हणालं, आणि मारुतीचं नाव हशात बुडालं.

कारभारींचा चेहरा उतरला. सृष्टी मात्र हसणाऱ्यांकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. टाकीला पुढचं-मागचं नसतं. टाकीला कुठे जायचंच नसतं. आपण तळ सपाट केला, चारही बाजू सारख्या केल्या, तर तिने सरळ का म्हणून जावं?

"मागच्या अंगाला खाली एक उभी पट्टी पाहिजे," ती म्हणाली. "शेपटासारखी. म्हणजे मागचा भाग घसरणार नाही. शीटचा तुकडा आहे गाडीत. शाळेत वीज आहे ना?"

वीज होती. म्हणजे डोंगरात असते तशी होती. शाळेच्या ओट्यावर होडी पालथी घातली, खिडकीतून वायर ओढली. पंखा दमलेल्या माणसासारखा फिरत होता, ते सृष्टीने बघितलंही. पण इतक्या रविवारांचा उत्साह आणि काठावरचं हसू, दोन्ही तिच्या अंगात भिनलं होतं. तिने दोन्ही कडा खरवडल्या आणि गन सुरू केली.

गोटीरामबाबा शेजारी उकिडवे बसले होते. काम बघता बघता ते म्हणाले, "बाई, होडी तुम्ही द्याल. पण ती चालवल कोण?"

"गुरुजी चालवतील की."

"गुरुजींची त बदली झाली. नांदगावला. तुम्हाला नाही सांगितलं?"

रॉड तिच्या बोटांत होता, गन चालू होती आणि हात सवयीने पुढे सरकत होता. जोड पूर्ण झाला. दिसायला झकास झाला. बाकी सृष्टीला काही दिसलंच नाही. पक्कड बाजूलाच पडली होती. ती उचलायची असते हे तिच्या मनातही आलं नाही, कारण मनात एकच गोष्ट होती. तो जाणार होता, आणि तिला त्याने सांगितलं नव्हतं.

"झालं का मॅडम?" रवी हात धूत आला.

"झालं."

"चला मग. या वेळी तुमी बी बसा. लोक हसले तर दोघांना हसू देत."

कारभारी काठावरच थांबले. आयुष्यभर पाणी कोंडून ठेवलेल्या त्या माणसाला पोहता येत नव्हतं. सृष्टी जॅकेट घालून पुढे बसली, रवीकडे तोंड करून. होडी या वेळी सुतासारखी सरळ निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रवीचा तिरका दात दिसला. सृष्टी पाण्याकडे बघत राहिली.

"जमलं," तो म्हणाला.

"हो."

"मग तोंड असं का केलंय?"

"ऊन आहे."

डोहाच्या मधोमध आल्यावर खालून 'टक्' असा एक आवाज झाला. होडी जराशी थरथरली आणि अगदी निवांतपणे उजवीकडे वळू लागली. त्यांच्या शेजारी पाण्यातून एक काळी पट्टी टुणकन वर आली. शेपूट.

रवीने हात लांब करून ती उचलली. जोडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती, काचेसारखी स्वच्छ. रॉडने शीटला कुठेच धरलं नव्हतं.

"थंड जोड," तो म्हणाला.

सृष्टीने ती कड बघितली. या जागी पोरं असती तर... पुढचं तिला मनातसुद्धा पूर्ण करवेना. "व्होल्टेज कमी होतं," ती कशीबशी म्हणाली.

"ते तर हाय. पण पक्कड लावून वढायचं असतं ना? तुमीच शिकवलंय."

"नाही ओढलं."

"का?"

होडी सावकाश फिरत होती. रवीच्या मागून शाळा गेली, मग धरणाची भिंत गेली, मग पाडा. सृष्टी खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्ची होती, आणि फिरत्या होडीत तर माणसाला तोंड तरी कुठे फिरवता येतं?

"गोटीरामबाबा म्हणाले, तुमची बदली झाली. त्यानंतर मला जोड दिसलाच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही सांगायला हवं होतं. होडीसाठी नाही. ...मला."

रवीने वल्हं आडवं ठेवलं. शाळा पुन्हा एकदा त्याच्या मागून गेली.

"बदली झाली, हे खरंय," तो म्हणाला. "अर्ज जुना व्हता. इथं आलेला प्रत्येक जण करतो तसा मी बी केला व्हता. घराजवळ मिळाली. आई एकटी हाय तिकडं."

"मग जा ना. चांगलंच आहे."

"परवा जाऊन नको म्हणून सांगून आलो."

सृष्टीने मान वर केली.

"साहेबांनी कारण विचारलं. म्हणलं, पाण्यातून पोरं आणायला माणूस पायजे. ते खोटं नाय. पण दुसरं बी एक कारण व्हतं, ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं."

"मला सांगण्यासारखं आहे?"

"तुमालाच सांगण्यासारखं हाय." त्याने शेपूट मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू पडेल. "मला तुमी आवडता, मॅडम. ड्रमवरून वरडला व्हता ना, त्याच दिवसापासून. मी खरं म्हणजे एका रविवारात शिकलो असतो ते काम. ...मुद्दाम चुकत व्हतो."

"माहीत आहे," सृष्टी म्हणाली. "मीही मुद्दाम तेच जोड तपासत होते."

पाणी होडीच्या अंगाला हळू हळू लागत होतं.

"एकच बाजू तापलेली नाही, रवी," ती म्हणाली. सर नाही, गुरुजी नाही. नाव पहिल्यांदाच घेतलं आणि ते तिला फार सोपं वाटलं. "मलाही तुम्ही हवे आहात. इथे असा, नाही तर नांदगावला असा."

"नांदगावहून सातपूर काय नि इथून सातपूर काय, बस सारखीच रडत येती." तो आता हसत होता, पण डोळे ओले होते. "मग म्हणलं, होडी हाय तिथंच राहू."

"आणि आई?"

"तिला सगळं सांगितलं. म्हणली, सुट्टीत येत जा. पण आता एकटा येऊ नको."

सृष्टीला हसू आलं, रडूही आलं, आणि एवढ्यात काठावरून कारभारींची हाक आली, "काय झालं रे?" होडी अजून फिरतच होती. वल्हं एक. ज्या बाजूला मारावं, त्याच्या उलट तोंड करून बसणारी होडी.

सृष्टीने त्याच्या मांडीवरचं शेपूट ओढून घेतलं आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "तुम्ही उजवीकडून मारा. मी याने डावीकडून मारते. माझ्याबरोबर मारायचं, पुढे पळायचं नाही."

पहिल्या दोन फटक्यांना होडी उगाच डुलली. तिसऱ्याला दोघांचे हात जुळले. आणि ती चौकोनी तोंडाची, बिनशेपटाची टाकी, जिला एकट्या माणसाच्या हाताने धड एक हात सरळ जाता येत नव्हतं, ती काठाच्या दिशेने नाकासमोर निघाली.

"आता कशी आली," गोटीरामबाबा काठावरून म्हणाले.

कारभारींनी आधी लेकीच्या हातातली सुटलेली पट्टी बघितली, मग जोडाची कड बघितली, मग दोघांचे चेहरे. सृष्टीच्या हातचा थंड जोड त्यांनी आजवर पाहिला नव्हता. "कुणी केला हा?"

"मी," सृष्टी म्हणाली. "ओढून बघितला नव्हता. पुन्हा करते, पप्पा. नीट. तोवर एकही पोर यात बसणार नाही."

त्यांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी सुरगाण्याच्या मंडपवाल्याचा जनरेटर आणला. सृष्टीने शेपूट पुन्हा जोडलं, या वेळी पट्टीच्या दोन्ही अंगांनी, आणि पक्कड रवीच्या हातात दिली. त्याने ओढलं. मग होडीला पाय लावून ओढलं. मग गोटीरामबाबांना आणि दोन धिप्पाड गड्यांना ओढायला लावलं. पक्कडीचे दात उमटले, जोड हलला नाही. मग कुठे पोरांना जॅकेटं घालून एकेक फेरी मारून आणलं. नातू मिश्यांच्या माशापाशीच बसला.

रात्री घरी लताबाईने भाकरी वाढता वाढता नवऱ्यापुढे विषय काढला. मुलगा कसा, घर कसं, त्याची आई येत्या रविवारी येऊ का विचारतेय. कारभारींनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतला आणि शब्द न बोलता शेडवर निघून गेले. सृष्टीने ताट बाजूला सारलं. हा माणूस रागावला की असाच गप्प होतो, हे दोघींनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने लताबाई मागोमाग गेली. सृष्टीही गेली आणि शेडच्या दारात थांबली. आत दिवा लागलेला, गनचा आवाज येत होता, आणि कारभारी बाकावर वाकून एका बांबूच्या दांड्याला पातं जोडत होते.

"अहो, मी काय विचारलं? होय की नाही ते तरी सांगा."

कारभारींनी जोड निवू दिला. मग पक्कड लावून ओढून बघितला, आणि दुसरं वल्हं लेकीच्या हातात दिलं.

"नमुना पास झाल्याशिवाय," ते म्हणाले, "मी कधी दुसरा नग केलाय का?"